दादाची जीप

आम्ही लहान असताना शेळगावच्या शिवारात धुरळा उडवत जीप आली, की वस्तीतली माणसे उठून उभी राहत. जीप म्हणजे फौजदार, तहसीलदार, नाहीतर कारखान्याचे साहेब. त्यामुळे १९८६ साली थोरल्या दादाने सरकारी लिलावातली जुनी जीप घेऊन दारात उभी केली, तेव्हा आय आतून घाबरूनच म्हणाली, "कोण आलंय रं?"

"मीच हाय की!"

ही गाडी मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी अशा सहा लाखांवर गाड्या बनवल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून त्या बनवायला घेतल्या. सपाट पत्रा, उघडे अंग, लपवण्यासारखे काही नाही. बिघडली तर दोन पाने आणि एक हातोडा पुरे. गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक दांडी असे. ती ओढली की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि चारही चाके चिखल ओढतात.

पेट्रोल परवडेना, म्हणून दादाने डिझेल इंजिन बसवले आणि बारामती-इंदापूर वडाप सुरू केले. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, हात केला की गाडी थांबे. परवाना किती माणसांचा होता, ते मात्र विचारू नका! टपावर कोंबड्या, मागे दांडीला धरून लोंबणारी पोरे. ज्यांच्या ओट्यावर आम्हाला कधी बसता आले नाही, ते बागायतदार आबा आमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत. भाडे सगळ्यांना सारखे. पहिल्या दिवशी आबांनी पैसे वरून टाकले. दादाने तळहात तसाच पुढे धरून ठेवला, गाडी काही हलवली नाही. मागची माणसे ओरडायला लागली. दुसऱ्या दिवसापासून पैसे हातात येऊ लागले.

१९८८ च्या पावसाळ्यात वहिनींना रात्री कळा सुरू झाल्या. शेवटची एस.टी. केव्हाच गेलेली. आमचा रस्ता काळ्या मातीचा, बैलगाडी आखापर्यंत रुतलेली. दादाने दुसरी दांडी ओढली. आम्ही पोरे कंदील घेऊन पुढे पळत होतो, मागे गाडी गुरगुरत सरकत होती. डांबरी लागेपर्यंत एक तास गेला. इंदापूरच्या दवाखान्यात पहाटे पुतण्या जन्मला.

तो आता बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. जीप केव्हाच भंगारात गेली. रस्तेही झाले. तरी गावोगावच्या पोरांना थारचे वेड आहे. महिंद्रांनी ती २०१० साली काढली, २०२० साली नवी केली. चिखलात न्यायची गाडी लग्नाच्या वरातीत मिरवते, याचे आम्हाला हसू येते. पण परवा पुतण्याने मित्राची थार दारात आणली, तेव्हा आम्हीच आधी चढलो.

दादा सावकाश आला. त्याने काच, पडदा, गाणी काहीच पाहिले नाही. "दुसरी दांडी कुठाय?" पुतण्याने दाखवली. दादा तिच्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "तुझ्या आईला बोलव."