ग्लोरियाविना चार रविवार

नोव्हेंबर सरता सरता वसईच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशीपासून पापडीपर्यंत, पहाटेचा गारवा वाड्यांमध्ये मुक्कामाला येतो. भात कापून घरी आलेलं असतं, मोकळ्या शेतात वालाने जीव धरलेला असतो, केळीच्या पानांवरून दव टपटपत असतं. अशाच एका रविवारी मिस्सेच्या नेहमीच्या क्रमातली एक जागा मोकळी राहते. दयायाचना संपली की एरवी सगळं चर्च ग्लोरियासाठी छाती भरून घेतं. त्या दिवशी कीबोर्डवाल्याचे हात मांडीवरच राहतात आणि फादर सरळ पुढच्या प्रार्थनेला लागतात. मागच्या बाकांवर कुणीतरी सवयीने पहिला सूर लावतं आणि तिथेच थांबतं. आगमनकाळ लागलेला असतो.

चर्चचं नवं वर्ष या रविवारी उजाडतं. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण. त्याला सर्वांत जवळचा रविवार तो पहिला, आणि तिथून चार रविवार ओलांडले की नाताळ. नाताळ कुठल्या वारी येतो त्यावर हा काळ २२ दिवसांचा की २८, हे ठरतं. फादरांचा झगा जांभळा होतो, वेदीवरची फुलं कमी होतात. आलेलुया मात्र चालूच राहतो. उपवासकाळात तोही थांबतो, इथे थांबत नाही. या फरकावर माझा फार जीव आहे. आगमनकाळात शोक नाही. आनंद आहे, तो फक्त अजून उघडायचा नाही. ग्लोरियाची सुरुवात म्हणजे बेथलेहेमच्या रानात मेंढपाळांनी ऐकलेलं देवदूतांचं गाणं. बाळ जन्माला येईपर्यंत ते देवदूतांसाठी राखून ठेवायचं.

आणि याच महिन्यात आमच्या धर्मग्रामात ग्लोरिया सर्वांत जास्त ऐकू येते. रोज संध्याकाळी हॉलमध्ये गायनमंडळाचा सराव असतो. विरार लोकलमधून उतरून कुणी थेट इथेच येतो, डब्याची पिशवी खांद्यावर तशीच. नाताळाच्या रात्रीच्या मिस्सेसाठी नवी चाल बसवायची असते. पुरुषांचा आवाज एका वळणावर दर वेळी खाली घसरतो आणि मास्तर पुन्हा तिथूनच सुरू करायला लावतात. खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याच्या कानावर अर्धी ग्लोरिया पडते, मग थांबते, मग पुन्हा तीच ओळ. रविवारी तेच गळे गप्प बसतात. चाल पाठ झालेली, ओठांवर आलेली, आणि तरी म्हणायची नाही. मी गायनमंडळात उभी राहू लागले तेव्हापासून आगमनकाळ मला प्रवचनांपेक्षा या गप्प बसण्यातून जास्त कळला.

वेदीच्या बाजूला चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं ठेवतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. ही चाल मूळची आपली नव्हे, कॅथलिकांचीसुद्धा नव्हे. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विखर्न नावाच्या लूथरपंथी धर्मोपदेशकाने गरीब मुलांसाठी चालवलेल्या आश्रमात गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान. नाताळ कधी येणार, असं मुलं रोज विचारायची. त्यांना बोटाने मोजता येईल असं काहीतरी त्याला द्यायचं होतं. तिथून ते कडं देवदारासारख्या झाडांच्या फांद्या लेवून जगभर गेलं आणि वसईत आलं तेव्हा सुरू ल्यायलं. आमच्या किनाऱ्याला सुरूच्या बागा आहेत. शनिवारी दुपारी दोन-तीन पोरं सायकलवर जाऊन डहाळ्या घेऊन येतात. सुरूची डहाळी हातात घेतली की खारट, थोडा धुरकट वास येतो. ती तारेवर बांधताना एका दिशेनेच बांधावी लागते, उलटसुलट झाली तर कडं विस्कटलेलं दिसतं. आठवड्याभरात सुया तपकिरी होऊन वेदीच्या पायरीवर गळू लागतात, म्हणून पुढच्या शनिवारी जुनी फांदी काढून ताजी बांधायची. प्लास्टिकचं कडं बाजारात मिळतं, ते गळत नाही. पण मला दर शनिवारी नव्याने बांधावं लागणारंच हवं.

पहिल्या रविवारची वाचनं ऐकून लहान मुलं गोंधळतात. त्यांच्या डोक्यात केक आणि चांदण्या, आणि शुभवर्तमानात जगाचा अंत, चोराच्या पावलांनी येणारा दिवस, जागे राहण्याची ताकीद. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी रानातला योहान येतो, मरिया चौथ्या रविवारी. या सगळ्यांच्या मागे यशया संदेष्टा बोलत असतो. एका फादरांचं प्रवचन मी विसरलेले नाही. तोडलेल्या बुंध्यातून कोंब वर येईल, असं यशया सांगतो तिथे ते थांबले आणि समोर बसलेल्या बागायतदारांना म्हणाले, ‘‘घड उतरवल्यावर केळीचा खांब आपण तोडतो. तेव्हा तुम्ही तोडलेल्या खांबाकडे बघता का? तुम्ही बुडाशी मुनवा कुठे आहे ते बघता.’’ पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी आयुष्यभर राजेळी लावली, कापली आणि सुकेळी वाळवली, त्यांना दाविदाच्या उजाड झालेल्या घराण्याची गोष्ट यापेक्षा जास्त समजावायची गरज नव्हती.

आजीच्या पिढीला हा यशया लॅटिनमध्ये वाचून दाखवला जाई. बायका मिस्सा चालू असताना माळ ओढत बसत. त्यांची भक्ती खरी होती, पण संदेष्ट्याचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना वेदीपाशी जागा मिळाली. नव्या मिस्साविधीचा वापर ३० नोव्हेंबर १९६९ पासून सुरू झाला. दोन्ही तारखा आगमनकाळातल्या. आणि त्याच ४ डिसेंबरला, १९४२ साली, नंदाखालमध्ये फ्रान्सिस दिब्रिटो जन्मले होते. पुढे फादर झालेल्या या माणसाने ‘सुबोध बायबल’ लिहून यशयाला आमच्या घरच्या कपाटात आणून ठेवलं. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वसईला त्यांची आणखी एक ओळख आहे: इथल्या विहिरी, शेतं आणि झाडं वाचावीत म्हणून हरित वसईच्या आंदोलनात ते लोकांच्या पुढे उभे राहिले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यानंतरच्या आगमनकाळात वाचक यशयाचं पान उघडून उभा राहिला की मला या दोन्ही कामांची एकदम आठवण होई.

शेतं वाचायला हवीत, कारण नाताळाच्या गोठ्याला पेंढा लागतो. इटलीतल्या ग्रेच्यो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरा बैल, खरं गाढव आणून लोकांना बेथलेहेम दाखवलं, तिथून ही परंपरा लोकांत रुजली. आमच्याकडे गोठ्यात रहाटाची विहीर असते, कौलारू घर असतं, वाटीत पेरलेल्या नाचणीचं हिरवं शेत असतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर रिकामी गव्हाण ठेवतात आणि शेजारी पेंढ्याची जुडी. आठवड्यात कुणाला मदत केली, भांडण मिटवलं, आजीची औषधं आणून दिली की एक काडी उचलून गव्हाणीत ठेवायची. काय केलं ते सांगायचं नाही. नाताळाच्या रात्री बाळ त्या काड्यांवर निजतं. पूर्वी काड्यांची चिंता नव्हती; प्रत्येक खळ्यात उडवी असायची. आता भातशेतीच्या जागी भराव पडले, इमारती आल्या, आणि जुडीभर पेंढ्यासाठी ‘कुणाकडे भात लावलंय?’ असं विचारत फिरावं लागतं. बाळासाठी अंथरायला आपल्या मातीतली काडी राहू नये, याचं मला मनापासून दुःख आहे.

याच दिवसांच्या आसपास, तिथीनुसार कधी अलीकडे कधी पलीकडे, कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधीला भाविक येतात, आणि आम्ही ख्रिस्ती माणसंही जत्रेत हिंडतो, सुकेळी घेतो, स्वयंपाकघरातलं काहीबाही घेतो. तिथे घेतलेल्या झाऱ्याने पुढे नाताळाच्या करंज्या तळल्या जातात.

नाताळाआधीच्या आठवड्यांत फादर घराघरांत आजाऱ्यांना भेटायला जातात. त्यांच्याबरोबर मीही जाते, प्रार्थनेला आवाज द्यायला. एका घरी जायचं म्हणजे सुपारीच्या बागेतून चिखल चुकवत जायचं. माजघरात कॉटशेजारी स्टुलावर इस्त्री केलेला पांढरा रुमाल, क्रूस, मेणबत्ती, पेल्यात पाणी आणि चमचा, सगळं आधीच मांडून ठेवलेलं. आजी पडून असतात, अंगावर लाल लुगडं, केस नुकतेच विंचरलेले. सून सांगते, ‘‘पहाटेपासून विचारतायत, फादर आले का.’’ घरात सगळे कादोडी बोलीत बोलतात. फादर आत आले की आजी मिस्सेच्या मराठीत शिरतात. त्या फादरांना म्हणाल्या, ‘‘फादर, बसा. आधी मला सांगा, तिसरी मेणबत्ती लावली का?’’ लावली, फादर म्हणाले, गुलाबी लावली. ‘‘मग थोडेच दिवस,’’ त्या म्हणाल्या. पवित्र भाकर घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि आम्ही स्तोत्र म्हणत असताना त्यांचा अंगठा चादरीच्या काठावर माळेचे मणी सरकवावेत तसा हलत राहिला. भिंतीवर नातवाचा फोटो होता. तो कॅनडात आहे, यंदा येणार म्हणतो, मागच्या वर्षीही म्हणाला होता. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, ‘‘बाई, गाणारी पोरं आमच्याकडे कधी येतील?’’

हा प्रश्न मी धर्मग्रामाच्या सभेत नेला. कारण अलीकडे गाणाऱ्या पोरांची फेरी डिसेंबर लागताच निघते, आणि ज्या घरांत मोठा जमाव, खाणंपिणं आणि लाइटिंग, तिथे आधी जाते. वाडीच्या टोकाचं घर शेवटच्या रात्री येतं, तेव्हा घसे बसलेले असतात आणि दोन गाण्यांत पाय काढता घेतात. स्टेशनकडच्या दुकानांत तर दिवाळीचे कंदील उतरायच्या आतच लाल टोप्या लागतात. दुकानदाराला मी बोल लावणार नाही. त्याला आगमनकाळ कुणी शिकवला? पण आपण स्वतःच पहिल्या आठवड्यात बाळ जन्मल्याची गाणी गात सुटलो, तर रविवारी ग्लोरिया गिळून बसण्याला काय अर्थ उरतो? आणि खरा नाताळ, जो २५ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीत प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत चालतो, तो २६ तारखेलाच आपण दिव्यांच्या माळांबरोबर खोक्यात भरून टाकतो. हे मला सोसत नाही.

मी म्हटलं, फेरी १७ डिसेंबरला काढू या. त्या दिवशी मिस्सेत मत्तयची वंशावळ वाचतात: आब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे, नावांमागून नावं, त्यांत तामार, राहाब आणि रूथ या परक्या घरच्या बायका. चर्चसुद्धा त्या दिवसापासून जन्माकडे सरळ तोंड करतं. त्याआधीच्या संध्याकाळी कन्फेशनला द्याव्यात. आजूबाजूच्या धर्मग्रामांतले फादर एकेका चर्चला जमतात, आवारात आंब्याखाली, व्हरांड्यात, गॅलरीखाली खुर्च्या टाकून बसतात, रांगा लागतात. विहिरीच्या पाण्यावरून वर्षभर न बोललेले दोघे भाऊ एकाच रांगेत मागे-पुढे उभे असलेले मी पाहिलेत. रात्री घरी जाताना ते बोलले की नाही, मला माहीत नाही. पुढच्या रविवारी एका बाकावर होते.

२०२३ चं उदाहरण मी सभेत दिलं. त्या वर्षी २४ डिसेंबरलाच रविवार आला. सकाळच्या मिस्सेत जांभळा झगा, चौथी मेणबत्ती, ग्लोरिया नाही. दुपारी बायकांनी पायऱ्या धुतल्या, सुरूचं कडं बाजूला गेलं, शेवंती आणि झेंडूच्या टोपल्या आल्या, गोठ्यावरचा पडदा बांधला. आणि रात्री पांढऱ्या-सोनेरी झग्यातल्या फादरांनी ग्लोरिया उचलून धरताच सगळ्या घंटा एकदम वाजल्या. चार आठवड्यांचा सराव त्या एका क्षणात बाहेर पडला, आणि पुरुषांचा आवाज त्या वळणावर घसरला नाही. सकाळी गप्प बसलो होतो म्हणूनच रात्री तसं गाता आलं, असं मी ठामपणे म्हटलं.

तरुण मुलांचा मुद्दाही खरा होता. वाड्या पुष्कळ, घरं वाढलेली, अर्धी मुलं कामावरून आठाला घरी पोहोचतात. १७ पासून निघून सगळीकडे जायला रात्री पुरणार नाहीत. मी म्हटलं, दोन गट करा. एका गटाने चर्चपासून सुरुवात करावी, दुसऱ्याने वाडीच्या टोकापासून, आणि टोकाच्या गटाने सर्वांत आधी ज्या घरांत कुणी अंथरुणावर आहे तिथे जावं. गिटार एकच आहे, असं कुणीतरी म्हणालं. फादरांनी वहीत दोन रकाने आखले आणि आजाऱ्यांची यादी मागितली. मी आजींचं घर पहिलं सांगितलं.