दुसरी डिस्क

डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्डडिस्क बसवायची तर तिला तीन गोष्टी लागतात: जागा, वीज आणि वाट. जागा कॅबिनेटमधल्या साडेतीन इंची खणात असते. वीज जुन्या डिस्कना एसएमपीएसच्या चार तारांतून येई. पिवळीत 12 व्होल्ट, लालमध्ये 5, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. वाटेचा प्रश्न मात्र इतका सरळ नव्हता. आयडीईच्या काळात मदरबोर्डवरून निघालेली एक रुंद, करडी, चपटी केबल दोन ड्राइव्हना पुरवावी लागे आणि तिच्यावरून एका वेळी एकालाच बोलता येई. एका चुलीवरच्या दोन जावांसारखे, थोरली कोण आणि धाकटी कोण हे आधी ठरलेले बरे.

ठरवणारी वस्तू म्हणजे जम्पर. डिस्कच्या मागल्या कडेला, डेटाच्या आणि विजेच्या सॉकेटच्या मधे, पिनांच्या काही जोड्या उघड्या असतात. जम्पर ही प्लास्टिकची इवलीशी टोपी; आत धातूची पत्ती. ती ज्या जोडीवर बसेल तिथला जोड पूर्ण होतो. एका जागी मास्टर, दुसऱ्या जागी स्लेव्ह. कुठली जागा कशाची हे लेबलवर बारीक ठिपक्यांच्या आकृतीत छापलेले असते, आणि आकृती सुलट धरली की उलट, हे तिच्यात विजेचे सॉकेट कोणत्या बाजूला काढले आहे ते पाहूनच कळते. जम्पर बोटांत टिकत नाही. नखाने किंवा चिमट्याने ओढावा लागतो; निसटला तर थेट मदरबोर्डच्या सांदीत. म्हणून मुरलेले कारागीर नको असलेला जम्पर काढून ठेवत नसत, एकाच पिनवर अर्धा बाहेर लोंबता ठेवत. विजेच्या हिशेबी तो तिथे नसल्यातच जमा, पण पुढच्या वेळी हाताशी. इतकी स्वस्त आणि इतकी शहाणी युक्ती या धंद्यात विरळाच. काही कंपन्यांच्या डिस्कवर ‘एकटी’ आणि ‘स्लेव्ह सोबत असलेली मास्टर’ अशा दोन निराळ्या जागा असत. सोबतीण काढून घेतली आणि जम्पर तसाच राहिला, की डिस्क नसलेल्या स्लेव्हसाठी अडून बसे. ‘केबल सिलेक्ट’ ही आणखी एक जागा: 80 तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, मधले करडे स्लेव्हला, काळे टोक मास्टरला. सोय खरी; पण पिनांवर डोळ्यांना दिसणारा निर्णय तिच्याहून भरवशाचा.

2003च्या सुमारास आलेल्या साटाने ही भानगड मिटवली. एका डिस्कला एक अरुंद केबल. मास्टर नाही, स्लेव्ह नाही. क्रम लावण्याचे काम मात्र संपले नाही, ते बोटांकडून पडद्याकडे गेले. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते बायोसमध्ये सांगावे लागते. एम.2 खाचेत एसएसडी बसवली, की काही मदरबोर्डांवर साटाची एक-दोन पोर्ट बंद पडतात, कारण दोघांची वाट आत एकच असते. याची वाच्यता बहुधा मॅन्युअलच्या तळटिपेतच होते.

अक्षरांचे मानपान तर जुनेच. ए आणि बी फ्लॉपीची, सी पहिल्या डिस्कचे. डॉस आधी प्रत्येक डिस्कचे प्रायमरी पार्टिशन मोजी, मग लॉजिकल. त्यामुळे दुसरी डिस्क आली की डी तिला जाई आणि आधीची डी मुकाट्याने ई होई. डीवर विसंबलेले शॉर्टकट तोंडघशी पडत. जाणकार मग नव्या डिस्कवर प्रायमरी करतच नसत. सगळी जागा एक्स्टेंडेडमध्ये, म्हणजे लॉजिकलसाठी, घालत.

आजच्या विंडोजमध्ये कोरी डिस्क ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून इनिशियलाइज करावी लागते. 2 टीबीपेक्षा मोठी असेल तर पार्टिशनची जीपीटी पद्धतच निवडावी. त्यापुढची जागा जुन्या एमबीआर पद्धतीच्या हिशेबात बसत नाही. मग पार्टिशन, फॉरमॅट आणि अक्षर. दोन डिस्क रेड 1मध्ये जोडल्या तर एकीवरचे सारे दुसरीवर उमटते आणि एक बिघडली तरी काम अडत नाही. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. बॅकअपसाठी तिसरी डिस्क लागते, आणि ती कॅबिनेटबाहेर असावी.