मामा, एकटे कुठं पळालात?



आजचा लेख मोबाइल गेमवर आहे. तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील तर साहजिक आहे. जानेवारी २०१९ मध्ये ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईनं मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार मांडली आणि पंतप्रधानांनी लगेच पबजीचं नाव घेतलं, तेव्हा टीव्हीसमोर हसणाऱ्यांत मीही होतो. पुढच्याच वर्षी मी स्वतः तो गेम खेळत होतो.

तसा गेमशी माझा संबंध जुना, पण सगळा एकट्याचा. नोकियावरचा साप, मग टेम्पल रन, अंबड-जालना बसमध्ये कँडी क्रश. साप स्वतःच्याच शेपटीला धडकला तरी कुणाला उत्तर द्यायचं नसतं. शाळेतलं माझं कामही असंच चालायचं. यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, सरलवरच्या नोंदी, सगळं मीच करायचो. “दुसऱ्याला समजावून सांगेपर्यंत माझं होऊन जातं,” हे माझं ठरलेलं वाक्य. एकदा सोबतच्या मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही असताना आम्हाला शाळेत कामच नसतं.” मी ते कौतुक समजलो होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जालन्यात राहणाऱ्या माझ्या भाच्यानं, तो तेव्हा बारावीत होता, मला पबजीत ओढलं. त्यांच्या चौघांच्या गटातला एक जण कमी पडत होता, म्हणून मामा!

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शंभर खेळाडू विमानातून रिकाम्या हातानं एका बेटावर उतरतात. घराघरांतून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी शोधायची. खेळायची जागा वर्तुळासारखी आकसत जाते, बाहेर राहिला त्याचा जीव कमी होत जातो. शेवटी उरेल तो जिंकला. एकट्यानं खेळताना मारले गेलात की खेळ संपला. चौघांच्या स्क्वॉडमध्ये मात्र गोळी लागलेला गडी लगेच बाद होत नाही. तो खाली पडतो, रांगतो, मदत मागतो. सोबत्यानं जवळ जाऊन काही सेकंद दिले तर तो पुन्हा उभा राहतो. पण त्या सेकंदांत सोबत्याला स्वतःला गोळी झाडता येत नाही. म्हणजे दुसऱ्याला उठवायचं तर आपला जीव उघड्यावर टाकायचा.

पहिल्या रात्री रेंजसाठी गच्चीवर बसलो. तिघे एकीकडं उतरले, मी भलतीकडं. कानात आवाज आला, “मामा, एकटे कुठं पळालात?” मला एकेएम बंदूक मिळाली, तिला ७.६२ च्या गोळ्या लागतात. तरी मी ५.५६ च्याही पिशवीत भरल्या. भाच्यानं विचारलं, “५.५६ च्या गोळ्या कुणाकडं हायेत का?” माझ्याकडं दोनशेच्या आसपास होत्या, पण मी गप्प राहिलो. पुढं आपल्याला एम४१६ सापडली तर लागतील ना! खोटं कशाला सांगू, मला जराही वाईट वाटलं नाही.

मग तो पडला, माझ्यापासून पन्नास पावलांवर. तो रांगत म्हणत होता, “मामा, या ना लवकर.” वाटेत एका हरलेल्या खेळाडूची सामानाची पेटी होती. मी आधी पेटी उघडली. तेवढ्यात भाचा बाद झाला. मी शेवटच्या पाचांपर्यंत पोचलो आणि ते त्याला अभिमानानं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “चौघं असतो तर पहिले आलो असतो.”

तीन दिवस त्याचा फोन आला नाही. बहिणीनं सांगितलं, “तो म्हणतो, मामा सोबत असून नसल्यासारखे खेळतात.” तेव्हा मॅडमचं ते वाक्य आठवलं, आणि या वेळी ते कौतुक वाटलं नाही.

मीच फोन केला. हळूहळू शिकलो. सगळ्यात अवघड गेलं ते बोलणं. शत्रू दिसला की मी ओरडायचो, “तिकडं, तिकडं!” तिकडं म्हणजे कुठं? स्क्रीनवर वरच्या बाजूला होकायंत्राचे अंश असतात. “दोनशे चाळीसवर, घराच्या मागं,” असं सांगितलं तर तिघांना कळतं. वर्गात दिशा शिकवणारा माणूस, आणि मला ते अठरा वर्षांच्या पोरानं शिकवलं. खो-खोत पाठलाग करणारा एकदा दिशा धरली की मागं वळू शकत नाही, म्हणून बसलेल्याला खो द्यावाच लागतो. तो नियम मी वर्षानुवर्षं शिट्टी वाजवून पाळायला लावला, स्वतः मात्र कुणालाच खो दिला नव्हता.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजीही गेला. पुढं जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय म्हणून परत आला. पालकहो, मी गेमची वकिली करत नाहीये. अठरा वर्षांखालच्यांना त्यात दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, माझ्या मते तेही जास्तच. अनोळखी लोकांसोबत माइक चालू ठेवला तर काय शिव्या ऐकू येतात ते एकदा शेजारी बसून ऐका. बहिणीनं नियम केला होता, फक्त ओळखीच्यांसोबत आणि जेवणानंतर एकच डाव. तो टिकला.

शाळा नीट सुरू झाल्यावर सहावीच्या वर्गात चौघांचे गट केले. त्यातला एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेलेला, एप्रिलमध्ये परतला. गणितात दशांश अपूर्णांक बुडालेले. गटातली हुशार मुलगी म्हणाली, “सर, ह्याच्यामुळं आमचं मागं राहतंय.” मला ती पेटी आठवली. मी सांगितलं, गटाची वही तेव्हाच तपासणार, जेव्हा चौघांपैकी कुणालाही मी कुठलंही उदाहरण विचारू शकेन.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. “माझ्या पोरीनंच शिकवायचं तर तुम्ही कशाला?” प्रश्न चूक नव्हता. मी म्हटलं, ती अर्धा तास बसेल तेव्हा मीही बसेन. बसलो. मुलगा अडखळायचा, मुलगी चिडायची. एकदा टन आणि क्विंटलचं उदाहरण आलं आणि तिघं अडकली. त्यानं वही ओढून घेतली अन् उसाच्या ट्रॉलीचा हिशेब मांडून दाखवला. मुलगी म्हणाली, “थांब, परत सांग.”

दिवाळी झाली आणि तो पुन्हा निघाला. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून मी घरच्यांना विनवलं, पण फडावर धाकटीला सांभाळायला तोच हवा होता. मुलीनं मला विचारलं, “सर, त्याच्या वहीचं काय करायचं?” मी कपाटाची किल्ली दिली. आत्तापर्यंत तिनं त्यात स्वतःच्या अक्षरात दोन धडे लिहून ठेवलेत.