सोबत कोण आहे?

मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत म्हातारं माणूस आलं की पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘सोबत कोण आहे?’

या प्रश्नामागे काळजी थोडी आणि कामं फार. केसपेपर काढायचा, रक्ताच्या नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या, ट्रॉली ढकलत एक्स-रेला न्यायची, एखादं इंजेक्शन बाहेरच्या मेडिकलमधून आणायचं. वॉर्डबॉय, म्हणजे आमचे मामा, असतात, पण एका पाळीला जेवढे लागतात तेवढे कधीच नसतात. मग नातेवाईकच मामा होतो. परळ-दादर भागातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत मी इतकी वर्षं काढली, त्यातून माझं एकच म्हणणं तयार झालं आहे. वृद्ध रुग्णाचं निम्मं निदान सोबतच्या माणसाकडे असतं, आणि आपण नेमकं त्यालाच आल्याआल्या हातात नळ्या देऊन दुसऱ्या मजल्यावर पिटाळतो.

यात कुणा एकाचा दोष नाही. हे विभाग घडलेच तरण्या माणसांच्या अपघातांवर. १९२६ साली परळला केईएम सुरू झालं तेव्हा भोवताली गिरण्यांचे भोंगे वाजत होते. यंत्रात सापडलेला हात, रुळांवरून उचलून आणलेला माणूस, मारामारीत फुटलेलं डोकं, असल्या कामात आमचा हात बसला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले, तेव्हा जखमींना केईएममध्येच आणलं गेलं. अशा दिवशी मुंबईची कॅज्युअल्टी जगातल्या कुठल्याही विभागाच्या तोडीस तोड काम करते. तिला जमत नाही ते वेगळंच: ‘दोन दिवसांपासून जरा गप्प गप्प आहेत’ एवढ्याच तक्रारीवर आणलेले आजोबा.

गिरण्या गेल्या, गिरणीतली माणसं मात्र इथेच म्हातारी झाली. १९८२ च्या संपात जे तिशीत होते ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. साचेखात्यात उमेदीची वर्षं काढलेल्याचे कान त्या खडखडाटाने गेलेले असतात. त्यात भोवती मॉनिटरचे आवाज, मास्क लावलेला हाऊसमन, आणि ‘बाबा, आज वार कोणता?’ हा प्रश्न. बाबा बघत राहतात. पेपरवर ‘डिसओरिएंटेड’ असा शेरा पडतो आणि तो मग वॉर्डापर्यंत सोबत जातो. यावर एक जुनी युक्ती आहे. आपला स्टेथोस्कोप रुग्णाच्या कानात घालायचा आणि त्याच्या चकतीवर तोंड नेऊन बोलायचं. बाबा वार सांगतात, तिथीही सांगतात, आणि ओरडायला काय झालं म्हणून वर आपल्यालाच झापतात.

खरा भ्रम ओळखायची एक छोटी चाचणी आहे, फोर-ए-टी नावाची, एडिंबरात तयार झालेली. दोन मिनिटांत होते. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि साल विचारायचं, मग महिने उलटे म्हणायला सांगायचे. आपल्याकडे जन्मतारखेवर फार भिस्त ठेवता येत नाही. त्या पिढीतल्या कितीतरी जणांना मास्तरांनी शाळेत घालताना १ जून ही तारीख बहाल केलेली आहे. महिन्यांचंही तसंच. गिरगावातल्या एका आजींना आमचा रेसिडेंट म्हणाला, ‘आजी, डिसेंबरपासून मागे मागे या.’ आजींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो ‘जमत नाही’ असं लिहिणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, ‘आजी, फाल्गुनापासून उलटं म्हणा बघू.’ फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद, एका दमात. सात आले की त्या प्रश्नाला पूर्ण पास.

या चाचणीतले एकूण गुण १२, आणि चार किंवा जास्त झाले की भ्रमाचा संशय घ्यायचा. त्यातले चार गुण एकाच गोष्टीला आहेत: हा बदल अलीकडे, अचानक झाला का? हे रुग्ण सांगू शकत नाही. मॉनिटरवर दिसत नाही. ते सांगणारा माणूस त्या घडीला लॅबच्या खिडकीपाशी उभा असतो.

आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा भ्रम सगळ्यांना कळतो. न कळणारा भ्रम शांत असतो. पेशंट डोळे मिटून पडून आहे, कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याची पाळी शेवटी येते. त्याखाली न्यूमोनिया असतो, बीपीच्या गोळीने उतरलेलं सोडियम असतं, कधी नुसतं तुंबलेलं मूत्राशय असतं. सर्दीची साधी गोळीसुद्धा प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवते. कॅथेटर घातला की तासाभरात आजोबा माणसात येतात.

आकडेही म्हाताऱ्यांच्या बाबतीत फसवतात. १२० बीपी तरुणाला उत्तम. ज्याचं कायम १७० असतं त्याचं १२० झालं तर तो शॉकच्या वाटेवर असू शकतो. बीटा ब्लॉकर चालू असेल तर आतून रक्तस्राव होत असतानाही नाडी साळसूदपणे ७० दाखवते. जंतुसंसर्ग असून ताप नसतो. हार्ट अटॅक असून छातीत दुखत नाही, ‘गळून गेल्यासारखं वाटतंय’ एवढंच. म्हणून नेहमीचं बीपी किती, हे ठाऊक असलेलं माणूस मला ट्रॉलीपाशी हवं असतं.

संकष्टीच्या रात्रीचा एक प्रकार आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. दिवसभर उपास, चंद्रोदय उशिरा, पण साखरेची गोळी मात्र नेमाने घेतलेली. ग्लिमेपिराइडला संकष्टी कळत नाही. माणूस वाकडंतिकडं बोलू लागतो, कधी एक बाजू लुळी पडते, आणि घरचे ‘लकवा मारला’ म्हणत घेऊन येतात. बोट टोचून साखर पाहायची, ग्लुकोज द्यायचं, थोड्या वेळात रुग्ण उठून चहा मागतो. इथेच घोटाळा होतो, कारण सगळे घरी निघतात. मूत्रपिंडं थकलेली असली तर त्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो आणि साखर पहाटे पुन्हा पडते. अशा रुग्णाला रात्रभर ठेवून घ्यावंच लागतं.

उपासाची गोष्ट बहुधा शेजारीण सांगते. चाळीत एक गॅलरी आणि एक नळ, त्यामुळे कोण किती वेळा संडासला गेलं इथपर्यंत हिशेब तिच्याकडे असतो. टॉवरमधून येणाऱ्या एकट्या वृद्धाबरोबर वॉचमन येतो; त्याला फ्लॅट नंबर माहीत असतो. चाळीचे गोडवे गायला मला आवडत नाही. रात्री लांबच्या सामायिक संडासाकडे जाताना आणि अंधाऱ्या लाकडी जिन्यात खुब्याची हाडं मी भरपूर मोडलेली पाहिली आहेत. पण माहितीच्या बाबतीत चाळीची बरोबरी नाही.

सरकारदरबारी तरतुदी आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात सरकारी रुग्णालयांत वेगळी रांग आणि शक्य तेवढ्या खाटा द्यायचं म्हटलं आहे. केसपेपरच्या खिडकीवर तशी पाटीही दिसते. कॅज्युअल्टीत मात्र रांग नसते, गंभीर आधी एवढाच नियम असतो, आणि शांत पडलेला म्हातारा गंभीर वाटत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जेजेला वृद्धांसाठीचं विभागीय केंद्र आलं, चांगलंच झालं. अमेरिकेत २०१४ साली वृद्धांच्या तातडीच्या सेवेसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि २०१८ पासून तिथे अशा विभागांना दर्जा दिला जातो. त्यातलं बरंचसं स्वस्त आहे: न घसरणारी फरशी, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, जाड गादी, कारण कडक ट्रॉलीवर काही तासांतच माकडहाडाची कातडी लाल होते.

एका बैठकीत मी मागितलं होतं की सत्तरीवरच्या रुग्णांसाठी दर पाळीला एक मामा वेगळा द्या, म्हणजे नातेवाईक ट्रॉलीपाशी राहील. ‘ही जागा कुठल्या पदात बसवायची?’ असं विचारलं गेलं आणि पुढचा विषय निघाला. तोवर आम्ही हाऊसमनना एवढंच शिकवतो की नातेवाइकाला पाच मिनिटं हलू द्यायचं नाही. गोळ्यांची पिशवी आणलीत का? चष्मा, कवळी, कानाचं मशीन कुठे आहे? नेहमीचं बीपी किती? परवा स्वतःच्या हाताने जेवले का, संडासला चालत गेले का, तुम्हाला नावाने हाक मारली का? सगळं केसपेपरवर उतरवून घ्यायचं. मग द्या नळ्या हातात.