माझा नवा चिटणीस

टिपणें लिहून ठेवण्याचा मला उपजतच कंटाळा आहे. व्याख्यान देणें निराळें आणि व्याख्यानानंतर काय बोलणें झालें तें नोंदून ठेवणें निराळें. पहिल्यांत हौस आहे, दुसऱ्यांत नुसती शिस्त. तरीसुद्धां गेलीं पंधरासोळा वर्षें मी एक वही बाळगून होतों, आणि प्रत्येक परिसंवादानंतर तींत चारपांच ओळी खरडीत असें. त्या वहीचें काम एके दिवशीं यंत्रानें पत्करलें, तेव्हां मला किती हलकें वाटलें असेल याची कल्पना चाळिशीनंतर ज्यांचें हस्ताक्षर त्यांचें त्यांनाच लागेनासें झालें आहे त्यांना सहज येईल.

२०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली आणि आमचे वर्ग पडद्यावर गेले. पुढें महाविद्यालय पूर्ववत् भरूं लागलें, पण एम. ए. च्या विद्यार्थ्यांचा शनिवारचा परिसंवाद तेवढा पडद्यावरच राहिला. नोकरी सांभाळून शिकणारीं हीं मुलें सातारा, बार्शी, चिपळूण अशा गांवीं विखुरलेलीं. त्यांनीं दोन तासांसाठीं पुण्यास यावें असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें? मागच्या शनिवारीं काय चर्चा झाली याची उजळणी आरंभीं चारपांच स्लाइड्सवर दाखवावयाची असा माझा परिपाठ होता, आणि त्या स्लाइड्स तयार करण्यांत माझी शुक्रवारची रात्र खर्ची पडत असे.

पूर्वीच्या मानानें हेंही सुखच म्हणावयाचें. मी नोकरीस लागलों तेव्हां आम्ही प्लास्टिकच्या पारदर्शक तावांवर पेनानें लिहीत असूं, आणि वर्गांतला पंखा चालूं झाला कीं मुद्दा क्रमांक तीन खिडकीकडे उडून जाई. १९८७ सालीं फोरथॉट नांवाच्या एका लहान कंपनीनें मॅकिन्टॉशवर पॉवरपॉइंट आणलें तें मुख्यतः असे तावच छापून काढतां यावेत म्हणून. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी १ कोटि ४० लाख डॉलरांस विकत घेतली. ताव गेले, पंख्याचें भय गेलें. शुक्रवारची रात्र मात्र राहिली.

माझा भाचा संगणकाच्या धंद्यांत आहे. एका शुक्रवारीं तो घरीं आला असतां मला डोळे ताणून बसलेला पाहून म्हणाला, "मामा, सभा एका सॉफ्टवेअरमध्यें, स्लाइड्स दुसऱ्यांत. मधल्या मध्यें पाट्या वाहण्याचें काम तुम्ही कशाला करतां?"

त्यानें जें जुळवून दिलें तें समजावयास अवघड नाहीं. सभा संपली कीं थोड्या वेळानें तिचें ध्वनिमुद्रण, आणि त्यावरून उतरलेला शब्दन् शब्द मजकूर तयार होतो. तो तयार झाल्याचें कळण्याचे दोन मार्ग. आपल्या प्रोग्रॅमनें दर दहा मिनिटांनीं जाऊन विचारावयाचें. नाहीं तर सभेच्या सॉफ्टवेअरनेंच आपण दिलेल्या पत्त्यावर वर्दी पाठवावयाची. पहिल्या तऱ्हेंत पोस्टांत दहा खेपा घालाव्या लागतात, दुसरींत पोस्टमन दार ठोठावतो. या दुसरीस वेबहुक म्हणतात, व आम्ही तीच पत्करली. वर्दी आली कीं प्रोग्रॅम तो मजकूर आणी, एका भाषा-मॉडेलकडून त्याचा सारांश काढवी, आणि मीं एकदांच करून ठेवलेल्या नमुन्याच्या स्लाइड्सची नक्कल करून तींत तो भरी. कोठें काय भरावयाचें हें कळावें म्हणून नमुन्यांत दुहेरी महिरपी कंसांत खुणेचे शब्द घातलेले होते : तारीख, विषय, प्रश्न, पुढील कामें. खुणेचा शब्द काढावयाचा आणि त्या जागीं मजकूर ठेवावयाचा, इतकेंच. शेवटीं स्लाइड्सचा दुवा सर्वांस ई-मेलनें जाई. असलें जोडकाम आतां बाजारांत तयारही मिळतें. मायक्रोसॉफ्टनें २०१६ मध्यें 'फ्लो' या नांवानें काढलेली सोय २०१९ पासून 'पॉवर ऑटोमेट' म्हणून ओळखली जाते. आमचा मात्र घरच्या हातमागाचा माल.

पहिल्याच आठवड्यांत एका खुणेचा कंस मीं एकेरी दिला, आणि वीस मुलांना 'प्रश्न १' एवढाच मजकूर असलेली स्लाइड गेली. बार्शीच्या विद्यार्थ्यानें नम्रपणें विचारलें, "सर, हा प्रश्न आम्हींच शोधून काढावयाचा आहे काय?" दुसऱ्या आठवड्यांत वर्दी दोनदां आली. आमच्या प्रोग्रॅमनें वेळेवर पोंच न दिल्यामुळें पलीकडून ती पुन्हां पाठविण्यांत आली आणि स्लाइड्सचे दोन संच निघाले. त्या सत्रांत आम्ही १७९१ सालचें बॉस्वेलकृत जॉन्सन-चरित्र वाचीत होतों. एका संचांत बॉस्वेल जॉन्सनचा भक्त ठरला होता, दुसऱ्यांत चिकित्सक. मुलांनीं त्यावरच तासभर वाद घातला, व तो तास वर्षांतला उत्कृष्ट तास झाला, हें भाच्याला मीं सांगितलें नाहीं. त्यानें आधीं पोंच द्यावयाची, मग काम करावयाचें, आणि सभेचा क्रमांक नोंदून ठेवून तोच पुन्हां आल्यास परत लावावयाचा, अशी तजवीज केली.

त्यानंतर सर्व सुरळीत चाललें. सातला सभा संपे आणि मी जेवून उठेपर्यंत पुढच्या शनिवारची उजळणी तयार असे. दुसऱ्या महिन्यांत वही टेबलावरून कपाटांत गेली.

फेब्रुवारींतल्या एका शनिवारीं सभा संपतां संपतां मंडळी एकेक करून निघून जात होती. चिपळूणची विद्यार्थिनी मागें राहिली. दोन तास आमचें बोलणें इंग्रजींत चाललें होतें, आतां ती मराठींत म्हणाली, "सर, शिष्यवृत्तीच्या अर्जाला तुमचें शिफारसपत्र लागेल. गुरुवारपर्यंत पाठवाल ना?" मीं म्हटलें, "पाठवतों. तूं निश्चिंत राहा." अगदीं मनापासून म्हटलें, आणि पडदा बंद केला.

रात्रीं स्लाइड्स आल्या. मीं त्या कौतुकानें पाहिल्या. शेवटच्या स्लाइडवर लिहिलें होतें : 'पुढील कामें : कांहीं नाहींत'.

मजकूर उतरवून घेण्याची भाषा आम्हींच इंग्रजी ठरवून दिलेली होती. मराठी वाक्यांतून कांहीं तरी इंग्रजी शब्दांचा गाळ निघाला, आणि सारांश करणाऱ्यानें तो गाळ म्हणूनच टाकून दिला. यांत त्याची चूक कोणती? त्याला सांगितलें तें त्यानें केलें. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनीं न लिहिलेलें पत्र कोऱ्या कागदावरून महाराजांस वाचून दाखविलें ही आख्यायिका आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. कागद कोरा असला तरी तेथें डोकें भरलेलें होतें. माझी वहीही कोरी होती आणि डोकेंही. पूर्वीं त्या चार ओळी लिहितांना जें मनांत उतरत असे तें आतां उतरत नव्हतें. लिहून ठेवणारा कोणी तरी आहे एवढ्या भरंवशावर मीं ऐकणेंच सोडून दिलें होतें.

गुरुवार गेला. पुढच्या शनिवारीं तिचा चेहरा पडद्यावर दिसला तेव्हां मला एकदम आठवलें. सभा संपल्यावर मीं तिला थांबविलें. ती म्हणाली, "मुदत संपली, सर. आठवण करावी असें दोनदां मनांत आलें, पण आपण म्हणाला होतां, म्हणून नाहीं केली." सोमवारीं मीं त्या कार्यालयास फोन केला. तेथील गृहस्थ अत्यंत सौजन्यानें बोलले, आणि नियमाप्रमाणें नाहीं म्हणाले. तिला तें कळवितांना माझी जीभ जड झाली. "पुढच्या वर्षीं पुन्हां अर्ज करीन," असें तिनेंच मला समजाविलें.

भाच्यानें सगळें ऐकून घेतलें, दोन्ही भाषा उतरतील अशी व्यवस्था केली, आणि नमुन्यांत 'दिलेलीं आश्वासनें' अशी एक नवी खूण घातली. ती चांगली चालते. स्लाइड्स अजूनही तोच यंत्रचिटणीस करतो. शुक्रवारची रात्र परत घेण्याचा माझा विचार नाहीं. परंतु वही पुन्हां टेबलावर आलेली आहे, आणि सभा संपल्यावर मी पडदा मिटून आधीं चार ओळी लिहितों, मग जेवावयास उठतों. अक्षर पूर्वींहूनही वाईट झालें आहे.

तिच्या शिष्यवृत्तीचे अर्ज यंदा पुन्हां निघतील. पत्र मीं लिहून, सही करून ठेवलें आहे. तारीख तेवढी घालावयाची राहिली आहे.