चुन्याची डबी

जैनथला दसऱ्यानंतर कपाशीची वेचणी लागली की घरात माणूस सापडत नाही. त्या सकाळी बांधावर काकांना आग्या माशी डसली, एकच. आदल्या वर्षी मोहोळ उठून दहा-बारा डसल्या, तेव्हा नुसता ताप आला होता. म्हणून मी निवांतपणे चुन्याची डबी उघडली.

चुना लावून होतो न होतो तोच अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. भोवळ येणाऱ्या माणसाला मी उठवून मोटारसायकलवर बसवले. आज आठवले की अंगावर काटा येतो.

गावातल्याच डॉक्टरांनी आधी त्यांना सपाट निजवले, पाय उंच केले आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनलिन टोचले. सलाईन, बाकीची औषधे नंतर. "दम लागला तर बसू द्यावं, पण रक्तदाब पडलेल्याला उभं करू नये हो," एवढेच मला म्हणाले.

शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली या प्रकाराला अॅनाफिलॅक्सिस हे नाव दिले; १९१३ साली त्याला नोबेल मिळाले. आधीचा दंश शरीराला हळवे करून ठेवतो, पुढचा उलटतो. आणि आम्ही समजत होतो, काकांना विष पचते!

लक्षणे काही तासांनी परतू शकतात, म्हणून त्यांना रात्रभर ठेवून घेतले. काकू उशाशी बसून होत्या. सकाळी काकांनी तंबाखूसाठी डबी मागितली. ती माझ्याच खिशात होती.