शाळा सापडेना

एका मासिकाचे जुने अंक टाइप होऊन आले होते आणि त्यांत शब्द शोधण्याची सोय मी पायथनमध्ये करत होतो. ‘घर’ शोधलं की देवघर, घरमालक, घरघर असं सगळं बिऱ्हाड गोळा व्हायचं. म्हणून शब्दाच्या दोन्ही अंगांना बॅकस्लॅश-बी लावला. रेग्युलर एक्स्प्रेशनमधली ही शब्दाची वेस. बिऱ्हाड पांगलं, ‘घरी’, ‘घरात’, ‘घराला’ मात्र जागच्या जागी. याला विभक्ती कळते की काय! दोन दिवस मी खुशीत होतो.

मग संपादकबाई म्हणाल्या, ‘‘अहो, तुमच्या यंत्राला शाळा सापडत नाही.’’ खरंच सापडत नव्हती. पानोपानी शाळा, आणि हाती लागलं ते फक्त ‘शाळाबाह्य’.

दोष वेशीच्या व्याख्येत होता. एका बाजूला अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर आणि दुसऱ्या बाजूला यांतलं काहीच नाही, तिथे वेस. पायथनचं ‘आरई’ र ला अक्षर मानतं. काना, वेलांटी, अनुस्वार मात्र त्याच्या लेखी स्वल्पविरामाच्या पंगतीतले. म्हणून ‘घरी’तल्या र पाशीच त्याचा शब्द संपतो. ‘शाळा’ संपते कान्यावर, पुढे मोकळी जागा. दोघेही गावाबाहेरचे, मग वेस कुठली? ‘शाळाबाह्य’मध्ये कान्यापुढे ब येतो आणि वेस हजर. याच न्यायाने ‘मत’ शोधलं की किंमत आणि हिंमतही निघायची. ज्याला मी व्याकरण समजलो होतो, ते निव्वळ अडाणीपण होतं. (जावास्क्रिप्टचं ‘बी’ त्याहून सरळ: त्याला देवनागरीतलं एकही अक्षर अक्षर वाटत नाही.)

शेवटी वेस हाताने बांधली: शब्दाच्या आगेमागे देवनागरी चिन्ह नको. युनिकोडने देवनागरीला दिलेल्या १२८ घरांत दंड आणि आकडेही राहतात. दंडाला तेवढं वगळलं.

शाळा सापडली आणि त्याच क्षणी ‘घरी’, ‘घरात’ गेले. यंत्र आता नेमका अख्खा शब्द शोधत होतं, आणि वाचकाला तो पुरत नव्हता. आपला ‘त’ घराला चिकटतो, चिकटताना घराचं ‘घरा’ करतो. मग सामान्यरूपांची यादी घेऊन बसलो. पुणे, पुण्यात, पुण्याहून, पुण्याने. पुढच्याच आठवड्यात ‘पुणे’ शोधताना एक कीर्तन वर आलं, पूर्वजन्मीच्या पुण्याने लाभलेल्या नरदेहाविषयीचं. ते मी काढलेलं नाही.